रजेवरून परतलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये घ्यावा का?

आपला प्रश्न मला समजला तो असा. कॅनडातल्या वॉटर्लूच्या नव्या नोकरीत सहकाऱ्यांनी आपल्याला बारा जणांच्या फँटसी हॉकी पूलमध्ये, म्हणजे खऱ्या आइस हॉकीपटूंचे कागदी संघ करून त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजण्याच्या खेळात, सामील करून घेतले आहे आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडताना, आपली पाळी पाचवी आहे. खेळाडूंची यादी करताना आपल्याला दिसले की काही उत्तम खेळाडूंनी मागच्या काही वर्षांत मानसिक आजारासाठी, व्यसनमुक्तीसाठी किंवा नुसत्या ‘वैयक्तिक कारणासाठी’ दीर्घ रजा घेतल्या आहेत. एक सहकारी म्हणतो की अशी नावे सरळ खोडावीत. दुसरा म्हणतो की तीच नावे स्वस्तात पदरात पडतात आणि परतलेला माणूस जिद्दीने खेळतो, म्हणून तीच घ्यावीत. शेवटी आपण काहीशा संकोचाने विचारले आहे की दुसऱ्याच्या दुखण्यावर असा हिशेब मांडणे शोभते का.

मी टोरांटोजवळ राहतो आणि दोन पूल बरीच वर्षे चालवतो, एक कचेरीतला आणि एक इथल्या मराठी मित्रमंडळींचा. त्यामुळे सप्टेंबर सरत आला की हा वाद कुठल्या ना कुठल्या रूपात माझ्यापुढे येतोच. माझे मत असे की आपले दोन्ही सहकारी एकाच जागी घसरत आहेत. दोघेही त्या माणसाच्या मनाचा अंदाज बांधू पाहतात, एक निराशेने आणि दुसरा आशेने, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्याला बाहेरून कधीही कळत नाही. कळण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत: तो साधारण किती सामने चुकवणार आहे, परतल्यावर संघ त्याला कोणत्या जोडीदारांबरोबर आणि किती वेळ बर्फावर उतरवणार आहे, आपल्या पूलचे नियम गैरहजर खेळाडूला कसे वागवतात, आणि तो कितव्या फेरीत हाती लागतो आहे. ड्राफ्टचा निर्णय या चार गोष्टींवर करावा आणि माणसाच्या मनाचा भाग त्याचा त्याच्याकडे राहू द्यावा. हे उत्तर कोरडे वाटेल, पण डावपेच आणि सभ्यपणा या दोन्ही बाजूंनी मला हाच मार्ग बरा वाटत आला आहे.

पुढे जाण्यापूर्वी, हॉकी नवी असलेल्या वाचकांसाठी ड्राफ्टची किंमत म्हणजे काय ते सांगतो. आयपीएलमध्ये खेळाडूचा लिलाव होतो आणि किंमत पैशात ठरते. आपल्या पूलमध्ये पैसा नसतो, पाळी असते. बहुतेक पूल ‘स्नेक’ पद्धतीचे असतात, म्हणजे पहिल्या फेरीत एक ते बारा असा क्रम आणि दुसऱ्या फेरीत उलटा. पाचव्या जागेवरून आपल्याला अनुक्रमे ५ वा, २० वा, २९ वा आणि ४४ वा खेळाडू मिळेल. यातला विसावा खेळाडू निवडताना आपण त्याच्यासाठी पैसे मोजत नाही, पण त्याच वेळी हातातून सुटणारे बाकीचे सगळे खेळाडू हीच त्याची किंमत असते. म्हणून ‘अमुक खेळाडू घ्यावा का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘अमुक फेरीत घ्यावा का’ असे विचारले की अर्धे भांडण मिटते.

आता मूळ मुद्दा. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग, आणि तिच्या खेळाडूंची संघटना मिळून १९९६ पासून एक मदत कार्यक्रम चालवतात. दारू, अमली पदार्थ, जुगार, नैराश्य, चिंता, अशा अनेक कारणांनी खेळाडू त्यात दाखल होतो, बहुतेक वेळा स्वतःहून. बाहेर येते ते फक्त दोन-तीन ओळींचे निवेदन: अमुक खेळाडू उपचार घेत असून अनिश्चित काळ संघासोबत नसेल, कार्यक्रमाच्या व्यवस्थापकांनी परवानगी दिल्यावर तो परतेल, आणि यावर अधिक काही बोलले जाणार नाही. कारण सांगितले जात नाही आणि मुदतही सांगितली जात नाही. पहिल्या टप्प्यात खेळाडूला पूर्ण पगार मिळतो. उपचाराच्या अटी मोडल्या तर दुसऱ्या टप्प्यात पगार थांबतो, तिसऱ्यात किमान सहा महिन्यांचे आणि चौथ्यात किमान एक वर्षाचे निलंबन होते. हे टप्पे लक्षात ठेवावेत, कारण तिसऱ्या टप्प्याची बातमी आली तर निदान एक तारीख हाती लागते; पहिल्या टप्प्याच्या बातमीत तीही नसते.

मुदतीचा पल्ला किती मोठा असू शकतो हे उदाहरणांवरूनच कळते. माँट्रियलचा गोलरक्षक कॅरी प्राइस ऑक्टोबर २०२१ मध्ये हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर दाखल झाला आणि सुमारे तीस दिवसांच्या उपचारांनंतर बाहेर आला. कोलोराडोचा बचावपटू सॅम्युएल जिरार्ड नोव्हेंबर २०२३ मध्ये गेला आणि महिनाभराने पुन्हा खेळू लागला. पॅट्रिक लाइने जानेवारी २०२४ मध्ये दाखल झाला आणि जुलैअखेरीस बाहेर पडला. फ्लोरिडाचा तरुण गोलरक्षक स्पेन्सर नाइट फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला, तो हंगाम त्याच्यासाठी संपला, आणि पुढच्या हंगामाचा मोठा भाग त्याने खालच्या लीगमध्ये शार्लटकडून खेळून काढला. कॅल्गरीचा ऑलिव्हर किलिंग्टन तर २०२२-२३ चा पूर्ण हंगाम बाहेर राहून जानेवारी २०२४ मध्ये परतला. म्हणजे एक महिन्यापासून दीड हंगामापर्यंत काहीही होऊ शकते. यांची सरासरी काढून त्यावर निवड करणाऱ्याला मी पूलमध्ये आनंदाने जागा देतो, कारण त्याच्या चुकलेल्या फेऱ्यांचा लाभ बाकीच्यांना होतो.

म्हणून पहिला भेद असा करावा: माणूस सध्या बाहेर आहे की परत येऊन खेळतो आहे? जो परतला, ज्याने प्रशिक्षण शिबिर पूर्ण केले आणि सराव सामने खेळले, त्याच्या नावापुढे जुन्या रजेची खूण लावून त्याला दोन फेऱ्या खाली ढकलणे मला पटत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन पूर्ण बऱ्या झालेल्या खेळाडूकडे आपण जितक्या सावधपणे पाहतो तितक्याच सावधपणे त्याच्याकडे पाहावे, त्याहून अधिक नाही. जो आज बाहेर आहे त्याचे गणित वेगळे आहे. आणि तिसरा प्रकार निव्वळ कुजबुजीचा, म्हणजे कुणाच्या घरी भांडण आहे, कुणी सरावाला उशिरा आला, कुणाच्या बायकोने समाजमाध्यमावर काय लिहिले. त्याची किंमत मी शून्य धरतो.

आता बाहेर असलेल्या खेळाडूचे गणित. इथे नवखे लोक जी चूक करतात ती गुणाकाराची आहे. समजा एक खेळाडू सामन्यामागे एक गुण मिळवतो, म्हणजे गोल आणि असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला केलेली मदत) मिळून ८२ सामन्यांत ८२. (२०२६-२७ पासून हंगाम ८४ सामन्यांचा होतो आहे, पण तर्क बदलत नाही.) तो वीस सामने चुकवणार असे गृहीत धरले तर लोक म्हणतात, उरले ६२, म्हणजे हा ६२ गुणांचा खेळाडू. पण ते वीस सामने आपली जागा रिकामी राहत नाही. बारा जणांच्या पूलमध्ये कुणीही न निवडलेल्या खेळाडूंत सामन्यामागे अर्धा गुण देणारा कुणीतरी नेहमी सापडतो, असे धरू या. त्याचे दहा गुण मिळवले की ती जागा आपल्याला ७२ गुण देते. म्हणून त्या खेळाडूला ७२ गुणांच्या बिनचूक हजर राहणाऱ्या खेळाडूच्या बरोबरीने मोजावे. यादीत दोन-तीन फेऱ्यांची सूट योग्य, आठ-दहा फेऱ्यांची नाही. बाकीचे लोक घाबरून त्याला आठ फेऱ्या खाली जाऊ देत असतील तर तो नफा आहे, आणि आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या म्हणण्यात जे काही तथ्य आहे ते एवढेच.

मात्र हे सगळे एका नियमावर टेकलेले आहे. आपल्या पूलमध्ये जखमी खेळाडूंसाठी वेगळी जागा, म्हणजे आयआर, आहे का, आणि रजेवरचा खेळाडू तिथे बसतो का? अनेक संकेतस्थळांवर आयआरमध्ये फक्त ‘जखमी’ अशी खूण असलेलाच खेळाडू ठेवता येतो. वैयक्तिक रजेवरच्या खेळाडूला दुसरी खूण मिळते आणि तो तिथे बसत नाही. मग तो आपल्या राखीव चार-पाच जागांपैकी एक अडवून बसतो, दर आठवड्याला बदली खेळाडू आणण्याची सोय आक्रसते, आणि वरचे ७२ गुणांचे गणित कोसळते. मी चालवतो त्या दोन्ही पूलमध्ये अशा रजेसाठी स्वतंत्र जागा ठेवलेली आहे. प्रत्येक ठिकाणी ती नसते, आणि हे ड्राफ्टनंतर कळून काही उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट पूलच्या प्रकाराची. आपला पूल दर आठवड्याला एकास एक असा हेड-टू-हेड आहे असे आपण लिहिले आहे. त्यात वीस सामने म्हणजे साधारण सहा आठवडे, आणि तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. आपल्या बाद फेऱ्या मार्चमध्ये असतील, तेव्हा तो खेळाडू पूर्ण हजर असेल. म्हणून अशा पूलमध्ये हंगामाच्या सुरुवातीची गैरहजेरी परवडते. सगळ्या हंगामाची बेरीज होणाऱ्या पूलमध्ये ऑक्टोबरचा गोल आणि मार्चचा गोल सारखाच, तिथे परवडत नाही. खेळाडू पुढच्या वर्षीही राखता येत असेल तर पुन्हा निराळे. त्यामुळे मित्राच्या पूलमध्ये काय चालले ते ऐकून निर्णय करू नये.

व्हॅलेरी निचुश्किनचे उदाहरण या दृष्टीने मला फार बोलके वाटते. कोलोराडोच्या या खेळाडूने २०२३-२४ मध्ये ५४ सामन्यांत २८ गोल आणि एकूण ५३ गुण केले होते, मधल्या काळात एकदा कार्यक्रमात जाऊनही. मग मे २०२४ मध्ये, डॅलसविरुद्धच्या बाद फेरीच्या चौथ्या सामन्याच्या तोंडावर, त्याला तिसऱ्या टप्प्यात टाकून किमान सहा महिने निलंबित केले गेले. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये अनेकांनी त्याचे नाव खोडले. वास्तविक त्याच्याइतकी स्पष्ट तारीख यादीतल्या कुठल्याही जखमी खेळाडूची नव्हती: सहा महिने म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. तो नोव्हेंबरच्या मध्यालाच परतला आणि ४३ सामन्यांत २१ गोल करून गेला. बाकीचे जे सामने बुडाले त्यांतले बरेचसे पुढे झालेल्या साध्या शारीरिक दुखापतीमुळे बुडाले, आणि ती दुखापत ड्राफ्टच्या दिवशी कुणाच्याही यादीत नव्हती. ज्या गैरहजेरीची सगळ्यांनी धास्ती घेतली ती मोजता येणारी होती. जी मोजता आली नाही ती हॉकीत कुणालाही होणारी होती.

आता भूमिकेबद्दल. माझ्या अनुभवात रजेच्या लांबीपेक्षा परतल्यावरची जागा अधिक निर्णायक ठरते आणि तिच्याकडे लोक कमी पाहतात. जोनाथन ड्रुआँ घ्या. २०१३ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला हा मुलगा २०१७ मध्ये माँट्रियलला आला. फ्रेंच भाषक, क्वेबेकचा, त्यामुळे अपेक्षांचे ओझे किती असेल ते इथे राहणाऱ्यालाच कळते. एप्रिल २०२१ मध्ये तो रजेवर गेला आणि नंतर त्याने स्वतःच चिंताविकार आणि निद्रानाशाबद्दल सांगितले. परतल्यावर माँट्रियलच्या शेवटच्या हंगामात त्याचे ५८ सामन्यांत दोनच गोल होते. २०२३ च्या उन्हाळ्यात कोलोराडोने त्याला एका वर्षासाठी ८,२५,००० डॉलरवर घेतले, जी एनएचएलच्या मानाने जवळजवळ किमान रक्कम आहे. पण कोलोराडोत नेथन मॅकिनन होता, त्याचा हॅलिफॅक्सच्या ज्युनियर संघातला जुना जोडीदार, आणि ड्रुआँला पहिल्या ओळीत, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या आघाडीच्या पहिल्या गटात, त्याच्याबरोबर आणि पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, वेळ मिळाला. (क्रिकेटच्या पॉवर प्लेशी याचा संबंध नाही.) त्या वर्षी त्याने ७९ सामन्यांत ५६ गुण केले. त्याच्या मनःस्थितीत काय बदल झाला यावर मी बोलणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण तो कुणाच्या शेजारी खेळणार आहे ही गोष्ट ऑक्टोबरमध्ये संघाच्या सरावाच्या बातम्यांत कुणालाही वाचता येत होती.

लाइनेचे उलट आहे, किंवा अर्धे उलट. तो माँट्रियलला गेला, सराव सामन्यात गुडघा दुखावून डिसेंबर २०२४ पर्यंत बाहेर राहिला, आणि परतल्यावर ५२ सामन्यांत २० गोल केले. त्यांपैकी १५ पॉवर प्लेवर. (क्रिकेटच्या पॉवर प्लेशी याचा संबंध नाही.) असिस्ट फक्त १३. आपल्या पूलमध्ये पॉवर प्लेचे गुण हा वेगळा स्तंभ, म्हणजे स्वतंत्रपणे जिंकायचा-हरायचा आकडा, असेल तर असा खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत सोने आहे. धडका, अडवलेले फटके आणि असिस्ट यांवर भर असेल तर त्याच्यामुळे तीन स्तंभ हरून एक जिंकाल. त्याने कधी रजा घेतली होती का, हा प्रश्न या निर्णयात कुठे येतच नाही.

गोलरक्षकांच्या बाबतीत मी अधिक कडक आहे, पण कारण निराळे. आघाडीचा खेळाडू गेला तर अठरापैकी एक गेला. गोलरक्षक एका वेळी एकच खेळतो आणि आपल्या पूलमध्ये दोनच जागा आहेत, शिवाय मोकळ्या यादीत बरा गोलरक्षक उरलेला नसतो. वरचे ‘अर्धा गुण कुठूनही मिळतो’ हे गणित इथे लागू पडत नाही. प्राइस २०२१ मध्ये दाखल झाला तेव्हा ड्राफ्ट आधीच उरकलेल्यांनी घाईघाईने त्याचा बदली जेक ॲलनला उचलले. पण त्या हंगामात माँट्रियल ३२ संघांत शेवटचे आले, आणि हरणाऱ्या संघाचा बदली गोलरक्षक कुणाचे भले करत नाही. गुडघ्याच्या दुखण्यामुळे प्राइस स्वतः थेट एप्रिल २०२२ मध्येच परतू शकला, पाच सामने खेळला, आणि नंतर खेळू शकला नाही. यातून एक व्यवहारी गोष्ट मी कायमची घेतली: ड्राफ्ट हंगाम सुरू होण्याच्या जितक्या जवळ ठेवता येईल तितका ठेवावा. सप्टेंबरच्या मध्याला उरकणाऱ्या पूलमध्ये मी खेळत नाही.

दुसऱ्या बाजूला रॉबिन लेनर आहे. बफलोने त्याला सोडून दिले, त्याने २०१८ मध्ये व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, द्विध्रुवी विकाराचे निदान उघडपणे सांगितले, आणि न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला एका वर्षासाठी १५ लाख डॉलरवर घेतले. त्या हंगामात त्याने ४६ सामन्यांत २५ विजय मिळवले आणि त्याच्याकडे आलेल्या दर हजार फटक्यांतले ९३० अडवले. ही कहाणी सांगताना लोक एक गोष्ट विसरतात. त्याच उन्हाळ्यात आयलंडर्सकडे बॅरी ट्रॉट्झ प्रशिक्षक म्हणून आले होते, आणि आदल्या वर्षी सर्वाधिक गोल खाल्लेला तो संघ त्या वर्षी सर्वांत कमी गोल खाऊन गेला. लेनरचे धैर्य निर्विवाद आहे, परंतु ड्राफ्ट करणाऱ्याने बघायला हवे होते ते ट्रॉट्झकडे. कॉनर इंग्रॅमचेही लक्षात ठेवावे. तो २०२१ मध्ये कार्यक्रमात गेला होता, २०२३-२४ मध्ये ॲरिझोनासारख्या दुबळ्या संघाकडून त्याने सहा सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही आणि त्या बाबतीत तो लीगमध्ये संयुक्तपणे पहिला आला. मार्च २०२५ मध्ये तो पुन्हा कार्यक्रमात दाखल झाला. आजाराची चढउतार अशीच असते, आणि ती आपल्या फेऱ्यांच्या सोयीने चालत नाही.

‘परतलेला माणूस जिद्दीने खेळतो’ या समजुतीबद्दल थोडे. फेब्रुवारी २०२० मध्ये दारूच्या व्यसनावर उपचार घेऊन परतलेल्या बॉबी रायनने ओटावातल्या पहिल्याच घरच्या सामन्यात तीन गोल केले. त्या रात्री प्रेक्षकांत काय झाले ते ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. त्या वर्षी चिकाटी आणि निष्ठेसाठी दिला जाणारा मास्टर्टन करंडक त्याला मिळाला. २०१९ मध्ये लेनरला, २०२२ मध्ये प्राइसला आणि २०२४ मध्ये इंग्रॅमला मिळाला. पण त्याच २०२० मध्ये ओटावाने रायनचा करार पैसे देऊन संपवला. करंडक पत्रकारांच्या मतांनी भूतकाळातल्या धीराला मिळतो, पुढच्या हंगामातल्या गोलांचा तो अंदाज नव्हे. शिवाय आपल्या कानावर परतलेल्यांच्याच कहाण्या येतात. जे गाजावाजा न होता लीगबाहेर गेले त्यांच्या येत नाहीत. त्यामुळे ही समजूत तपासून पाहण्याइतका पुरावाच आपल्यापाशी नसतो.

आणि खोडायचीच असतील तर कोणती नावे खोडणार? शॉन मोनाहन २०२४ च्या उन्हाळ्यात कोलंबसला गेला तो आपला जुना जोडीदार जॉनी गॉड्रो याच्याबरोबर खेळायला. २९ ऑगस्टला गॉड्रो आणि त्याचा भाऊ सायकलवरून जात असताना एका मोटारीच्या धडकेने मरण पावले. मोनाहनच्या नावापुढे कुठलीही रजा नव्हती, कुठल्याही कार्यक्रमाची नोंद नव्हती. त्या हंगामात मनगटाची दुखापत होऊनही त्याने ५४ सामन्यांत ५७ गुण केले, आणि २०२५ चा मास्टर्टन त्याला मिळाला. सहकाऱ्याच्या चाळणीतून तो सहज पार झाला असता, कारण त्या चाळणीला फक्त ज्यांनी मदत मागितली तेच दिसतात. दुःख ज्यांच्याकडे आहे आणि मदत मागितलेली नाही, असे किती असतील ते चाळणी सांगत नाही. मला तर उपचार घेऊन आलेला खेळाडू इतरांहून अधिक धोक्याचा आहे हेच सिद्ध झालेले वाटत नाही.

आपण लिहिले आहे की ‘खरे संघही खेळाडूच्या मनाचा विचार करूनच निवडतात ना?’ करतात, पण त्यांच्याकडे जे असते ते आपल्याकडे नाही. बफलोला भरणाऱ्या चाचणी शिबिरात ते मुलांच्या समोरासमोर मुलाखती घेतात, वैद्यकीय कागद पाहतात, प्रशिक्षकांशी आणि कुटुंबांशी बोलतात. २०२५ मध्ये आयलंडर्सने पहिल्या क्रमांकावर मॅथ्यू शेफर या बचावपटूला घेतले. त्या हंगामात आजारपण आणि मोडलेले गळ्याजवळचे हाड (कॉलरबोन) यांमुळे तो ज्युनियर लीगमध्ये फक्त १७ सामने खेळला होता, आणि आदल्या वर्षी त्याची आई कर्करोगाने गेली होती. केवळ आकड्यांवर पाहिले तर सतरा सामन्यांवर पहिला क्रमांक देणे धाडसाचे. पण त्यांनी त्या मुलाशी बोलून, त्याला जवळून पाहून तो निर्णय घेतला. आपल्या हातात दोन ओळींचे निवेदन असते. त्यावरून चारित्र्याचे निष्कर्ष काढणे म्हणजे मुलाखत न घेता गुण देणे.

शोभते का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन: हजेरीचा हिशेब मांडण्यात काही गैर नाही, तो आपण दुखऱ्या गुडघ्याचाही मांडतोच. गैर सुरू होते ते कारणांच्या चर्चेपासून. माझ्या पूलमध्ये लेखी नियम आहे की रजेवर गेलेल्या खेळाडूच्या कारणांबद्दल गटात तर्क लढवायचे नाहीत, संघाला त्यावरून विनोदी नाव द्यायचे नाही, आणि कुणीही कुठल्याही खेळाडूला आपल्या पूलच्या निकालावरून संदेश पाठवायचा नाही. हा शेवटचा नियम पोरकट वाटेल. पण एप्रिल २०२२ पासून ओंटारियोत खासगी कंपन्यांच्या ऑनलाइन सट्ट्याला परवानगी आहे, आणि पैसे हरलेल्या लोकांकडून खेळाडूंना येणाऱ्या शिव्यांबद्दल खेळाडू स्वतः बोलू लागले आहेत. वीस डॉलरच्या पूलवरून आपल्यातला कुणी त्या गर्दीत सामील व्हावा असे मला वाटत नाही. आणखी एक: आपल्याच बारा जणांत कुणीतरी असे उपचार घेतलेला असण्याची शक्यता बरीच असते. ‘असली नावे खोडून टाक’ हे वाक्य जेवणाच्या टेबलावर उच्चारताना ते कोण ऐकत आहे याचा विचार आपल्या सहकाऱ्याने केलेला दिसत नाही.

आता आपल्या पाचव्या जागेसाठी ठोस सल्ला. ५, २०, २९ आणि ४४ या पहिल्या चार निवडींत आज बाहेर असलेला कुणीही घेऊ नका, कारण काहीही असो; इथे हजेरी हीच मालमत्ता आहे. परतून शिबिर पूर्ण केलेला खेळाडू मात्र इथेही बिनधास्त घ्या. एक भरवशाचा गोलरक्षक पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत हाती असावा, आणि त्याचा संघ जिंकणारा असावा. सातव्या ते बाराव्या फेरीत, परतीची तारीख माहीत असलेला किंवा नव्या संघात चांगल्या ओळीत बसलेला खेळाडू दोन-तीन फेऱ्यांच्या सवलतीने मिळत असेल तर घ्या. अनिश्चित मुदतीसाठी बाहेर असलेला मोठा खेळाडू फक्त शेवटच्या दोन निवडींत, आणि तोही एकच, कारण राखीव जागा दोनदा अडवणे नवख्याला झेपत नाही. परवानगी मिळाल्याची बातमी आली तरी पहिले दोन आठवडे त्याला बाकावर ठेवा. संघ त्याला बऱ्याचदा आधी खालच्या लीगमध्ये काही सामने खेळवतात, आणि वर आल्यावरही सुरुवातीला वेळ कमी देतात. त्या दोन आठवड्यांत तो कुणाबरोबर खेळतो, पॉवर प्लेच्या पहिल्या गटात आहे की दुसऱ्या, तेवढे पाहा, मग ठरवा.

हे सगळे करण्याआधी कमिशनरला, म्हणजे आपला पूल चालवणाऱ्याला, दोन प्रश्न लेखी विचारून घ्या: वैयक्तिक रजेवरचा खेळाडू आयआरच्या जागेत चालतो का, आणि बाद फेऱ्या कोणत्या आठवड्यात आहेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर वरच्या परिच्छेदातला शेवटच्या दोन निवडींचा सल्ला सोडून द्या आणि तिथे दोन साधे, दर आठवड्याला तीन-चार सामने खेळणारे बचावपटू घ्या.